युद्धाविषयीं खरें कोणीं सांगावें?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या मंडळींतील एक वयोवृद्ध बंधु आमच्याकडे आले. त्यांच्या नातवाच्या उशाशीं त्यांस लढाईवरील एक कादंबरी सांपडली होती, आणि ती हातांत घेऊनच ते आले होते. ते म्हणाले, “पाळकसाहेब, कादंबरी म्हणजे रचलेली गोष्ट. जें घडलेंच नाहीं तें एकानें लिहावयाचें आणि दुसऱ्यानें वाचावयाचें, ह्यांत खोटेपणाचा दोष नाहीं काय? लढाईची माहिती पाहिजे असेल तर इतिहास आहे, वर्तमानपत्र आहे, सरकारी पत्रक आहे. कवीचें आणि कादंबरीवाल्याचें तेथें काय काम?” प्रश्न सरळ मनाचा होता. आम्ही त्या वेळीं कांहीं तरी बोलून वेळ मारून नेली; परंतु बंधु घरीं गेले तरी प्रश्न आमच्या घरांतच राहिला. त्याचें उत्तर शोधतां शोधतां आम्हांस आमच्याच एका अपराधापाशीं येऊन थांबावें लागलें. तो पुढें यथाक्रम सांगूं.

प्रथम सरकारी पत्रकाचीच गोष्ट घेऊं; कारण पवित्र शास्त्रांत रणांगणावरून आलेलें असें एक पत्रक आहे, आणि तें वाचकांच्या चांगल्या परिचयाचें आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायांत दावीद राजा यरुशलेमांत राहिला आहे आणि त्याचें सैन्य अम्मोन्यांच्या राब्बा नगरास वेढा घालून बसलें आहे. उरीया हित्ती ह्याच्या स्त्रीशीं राजानें पाप केलें. तें झांकावें म्हणून त्यानें यवाब सेनापतीस पत्र लिहून, लढाई जेथें तुंबळ असेल तेथें उरीयाला पुढें उभा करण्यास व मागून माणसें काढून घेण्यास सांगितलें. आणि तें पत्र उरीयाच्याच हातीं पाठविलें. उरीया मेला. मग यवाबानें जासुदास पढवून धाडिलें कीं, लढाईची सारी हकीकत राजास सांग. तटाच्या इतके जवळ कां गेलां म्हणून तो रागावूं लागला, तर शेवटीं सांग कीं उरीयाही पडला. जासुदानें तसें केलें, आणि राजानें उलट निरोप दिला कीं, सेनापतीनें मनास लावून घेऊं नये, तरवारीचें असेंच असतें.

वाचकहो, त्या जासुदाच्या निवेदनांत एक अक्षरही खोटें नव्हतें. वेढा खरा होता, तटावरून बाण आले तेही खरे, मेलेले लोक खरोखरच मेले होते. तरी त्या साऱ्या खऱ्या शब्दांचें मिळून एक मोठें असत्य झालें होतें. पुढच्याच अध्यायांत नाथान संदेष्टा येतो आणि एका दरिद्री मनुष्याच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगतो. तसा मनुष्य कोठेंही नव्हता, ती मेंढीही नव्हती आणि तिला कापणारा धनवानही नव्हता. गोष्ट आरंभापासून शेवटापर्यंत रचलेली. परंतु उरीयाच्या मरणाविषयीं त्या राजवाड्यांत बोललेला पहिला खरा शब्द तोच होता.

पत्रकांची ही खोड जुनी आहे, आणि ती परक्यांचीच आहे असेंही नाहीं. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपत झालें. ती वार्ता पेशव्यांस एका सावकारी पत्रावरून कळली अशी हकीकत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्या पत्रांत दोन मोतीं गेल्याचा, कांहीं मोहरा हरवल्याचा आणि रुपये व खुर्दा ह्यांची मोजदादच नसल्याचा मजकूर होता म्हणे. मोतीं म्हणजे विश्वासराव व भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार; आणि खुर्दा कोण, तें आमच्या खेड्यांतील वाचकांस सांगावयास नको. ज्या घरांतून तो खुर्दा गेला त्या घरीं तो एकुलता एक मुलगा असेल. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धानंतर आपल्या कित्येक गांवीं संगमरवरी पाट्या बसविल्या गेल्या. ह्या गांवांतून इतकीं माणसें गेलीं व त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिला, एवढेच आंकडे त्यांवर आहेत, नांव एकाचेंही नाहीं. मेसोपोटेमियांतील कूत येथें डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढ्यांत अडकलेल्या सैन्यांत मराठा पलटणी होत्या. शरण आल्यावर जे कैदेंत गेले त्यांतील पुष्कळ परत आले नाहींत. एकंदर त्या युद्धांत हिंदुस्थानचे सुमारें ७४,००० लोक कामास आले. फ्रान्सांतील हिंदी शिपायांचीं पत्रें सरकारी अधिकारी उघडून वाचीत, म्हणून ते बिचारे काळ्या व तांबड्या मिरचीच्या भाषेंत लिहीत: काळी म्हणजे हिंदी पलटणी, तांबडी म्हणजे गोऱ्यांच्या. विनोद असा कीं, त्या अधिकाऱ्यांनीं आपल्या कामासाठीं ह्या पत्रांचे इंग्रजी उतारे करून ठेविले, म्हणूनच आज तो मजकूर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत वाचावयास मिळतो. मोतीं काय किंवा मिरची काय, मनुष्याला मनुष्य म्हणण्याची सोय पत्रकांतही नाहीं आणि कित्येकदां पत्रांतही नाहीं.

परंतु दोष केवळ सेनापतींचा व सरकारचा असता तर हा लेख आम्ही लिहिला नसता. ४ एप्रिल १९१५ ह्या पुनरुत्थानाच्या रविवारीं लंडन येथील सेंट पॉल मंदिरांत डीन इंग ह्यांनीं व्यासपीठावरून रूपर्ट ब्रुक नामक तरुण कवीचें एक सुनीत वाचून दाखविलें. स्वदेशासाठीं परक्या भूमींत मरणें किती निर्मळ व शांत असेल, ह्याचें त्यांत वर्णन आहे. सुनीत सुंदर आहे. विद्यार्थीदशेंत आम्ही तें पाठ केलें होतें, आणि अद्यापि तें आम्हांस मुखोद्गत आहे. ब्रुक ह्यानें १९१४ च्या आक्टोबरांत अँटवर्पहून झालेली माघार पाहिली होती, पण खंदकांतले महिने पाहिले नव्हते, आणि पाहण्याची वेळही त्याच्यावर आली नाहीं. त्या रविवारानंतर एकोणीस दिवसांनीं, २३ एप्रिल रोजीं, गॅलिपलीच्या वाटेवर असतां, डांस चावून झालेल्या रक्तदोषानें तो ग्रीसच्या स्कायरॉस बेटाजवळ एका इस्पितळाच्या जहाजावर मरण पावला. त्याचें वय २७ वर्षांचें होतें. त्या तरुणास आम्ही दोष देत नाहीं. मरण असें असावें अशी जी त्याची इच्छा, ती त्यानें लिहिली. दोष व्यासपीठाचा आहे. पुनरुत्थानाच्या दिवशीं मरणाविषयीं काय बोलावें हा प्रश्न आम्हां पाळकांपुढें दर वर्षीं असतो, आणि शनिवारीं रात्रीं उपदेश अर्धाच झालेला असतां एखादी तयार, गोड कविता किती मोह घालते, तें आम्ही पूर्ण जाणतों.

त्यानंतर दीड वर्षानें, १९१६ च्या उत्तरार्धांत, सीग्फ्रीड ससून नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें एक लहानशी कविता लिहिली. हा ससून भ्याड नव्हता; शौर्याबद्दल त्यास मिलिटरी क्रॉस मिळाला होता. कवितेंतील बिशप म्हणतात कीं, हे तरुण धर्मयुद्ध लढून परत येतील तेव्हां पालटलेले असतील. तरुण म्हणतात, खरेंच आहे; आणि मग एकाचे पाय गेले, एकाचे डोळे गेले, असें एकेक सांगतात. शेवटीं ईश्वराच्या मार्गांविषयीं एक ठराविक वाक्य बोलण्यापलीकडे बिशपांस कांहीं सुचत नाहीं. ही धर्मद्वेष्ट्याची टवाळी आहे असें म्हणून ती बाजूस सारणें सोपें आहे, आणि बरींच वर्षें आम्हीही तसेंच केलें. पण तें ठराविक वाक्य आम्ही स्वतः कबरस्तानांत किती वेळां बोललों, त्याची गणती करूं लागलों तेव्हां टवाळी कोणाची हें ध्यानांत आलें.

असत्य सांगणारा नेहमीं दुष्ट किंवा आळशीच असतो असेंही नाहीं. रशियाचा ग्रंथकार टॉल्स्टॉय हा तरुणपणीं तोफखान्याचा अधिकारी होता व १८५४–५५ सालीं सेव्हास्टोपोलच्या वेढ्यांत होता. १८६९ सालीं पुऱ्या झालेल्या त्याच्या ‘युद्ध आणि शांति’ ह्या कादंबरींत निकोलाय रोस्तोव्ह नांवाचा एक पोरसवदा स्वार आहे. १८०५ सालच्या शॉनग्राबेनच्या लढाईंत त्याचा घोडा मारला जातो आणि हातास इजा होते. समोरून फ्रेंच शिपाई धांवत येत असतात. ते आपल्याला मारावयास येत आहेत हेंच प्रथम त्यास कळत नाहीं. घरीं सर्वजण ज्याच्यावर इतकी माया करतात त्याला कोणी कां मारील? कळतें तेव्हां तो पिस्तूल झाडण्याऐवजीं तें फेंकून मारतो आणि सशासारखा झुडपांकडे पळत सुटतो. पुढें कांहीं दिवसांनीं मित्र त्यास लढाईची हकीकत विचारतात. जें घडलें तेंच सांगावें असा त्याचा हेतु असतो. परंतु ऐकणाऱ्यांनीं आजवर शूरांच्या गोष्टी ऐकिलेल्या. त्यांचे उत्सुक चेहरे त्यास दिसतात. पळालों म्हणून सांगितलें तर एक तर विश्वास बसणार नाहीं, नाहीं तर आपल्यांतच कांहीं उणें आहे असें त्यांस वाटेल. आणि बोलतां बोलतां, स्वतःस नकळत, तो घोडा फेंकीत व तरवार चालवीत शत्रूंत शिरतो. टॉल्स्टॉय त्यास लबाड म्हणत नाहीं. तें असत्य एकट्या रोस्तोव्हानें केलेलें नाहीं. त्याच्या श्रोत्यांनीं तें त्याच्या तोंडून ओढून काढिलें आहे.

स्टीफन क्रेन ह्या अमेरिकन ग्रंथकाराची गोष्ट ह्याहून चमत्कारिक आहे. तो एका मेथॉडिस्ट पाळकाचा मुलगा. अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ त संपलें आणि तो १८७१ त जन्मला. त्याचें ‘दि रेड बॅज ऑफ करेज’ हें पुस्तक १८९५ सालीं निघालें, तोंवर त्यानें एकही लढाई पाहिली नव्हती. तरी लेखक आपल्यांतलाच कोणी असावा असें जुन्या शिपायांस वाटलें. त्यांतील तरुण लढाईंतून पळतो. पळणाऱ्या दुसऱ्याच एका शिपायाच्या बंदुकीचा तडाखा त्याच्या डोक्यास बसतो. तो परत येतो तेव्हां सोबती ती गोळीची जखम समजून प्रेमानें पट्टी बांधतात, आणि तो गप्प राहतो. पुस्तकाच्या नांवांतलें शौर्याचें तांबडें पदक तें हेंच. स्वतः पाहिल्यावांचून युद्धावर लिहूंच नये, असें म्हणणाऱ्यांनीं ह्या पुस्तकाचा विचार करावा. खंदकांतलें युद्ध ब्रुकनें पाहिलें नव्हतें, क्रेननें तर कोणतेंच पाहिलें नव्हतें. एकानें मनास विचारिलें कीं, त्या वेळीं काय वाटलें तर मला धन्य वाटेल. दुसऱ्यानें विचारिलें कीं, काय वाटलें तर मी तें कोणास सांगणार नाहीं.

आतां आमचा अपराध. आमच्या मंडळींत एक निवृत्त हवालदार आहेत. १९७१ च्या डिसेंबरांत ते पूर्वेकडील आघाडीवर होते. दर वर्षीं १५ आगस्टला झेंडावंदन झाल्यावर त्यांनीं शब्बाथशाळेच्या मुलांपुढें चार शब्द बोलावे, असा प्रघात आम्हींच पाडला. ते नेहमीं एकच गोष्ट सांगत: रात्रीं नाला ओलांडून शत्रूच्या मोर्चावर चालून गेलों, गोळ्यांचा पाऊस पडत होता, कोणी मागें पाहिलें नाहीं, आणि पहांटे मोर्चावर आपलें निशाण चढविलें. मुलें टाळ्या वाजवीत, आम्ही प्रार्थना करून खाऊ वांटीत असूं. अशीं अकरा वर्षें गेलीं. दोन वर्षांपूर्वीं कार्यक्रम आटोपल्यावर पाऊस जोराचा लागला म्हणून ते आमच्या ओसरीवर बसून राहिले. मुलें घरोघर गेलीं होतीं. बऱ्याच वेळानें ते म्हणाले, “पाळकसाहेब, निशाण मीं पाहिलेंच नाहीं. तें दुसऱ्या कंपनीनें लावलें. मी नाल्याच्या कांठाला पालथा पडून होतों. माझा जोडीदार चाळीसेक पावलांवर पडला होता, पोटांत गोळी लागून. पाणी मागत होता. पहांटेपर्यंत मागत होता. माझ्या कमरेला पाण्याची बाटली होती, भरलेली.”

आम्ही विचारिलें, “मग इतकीं वर्षें ती दुसरी गोष्ट आपण कां सांगितली?”

ते म्हणाले, “आपण तीच मागत होतां.”

ह्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. रोस्तोव्हाच्या मित्रांचे चेहरे कसे असतील तें आम्हांस त्या ओसरीवर कळलें. ते आमच्याच चेहऱ्यासारखे होते. विषय पालटावा म्हणून आम्ही विचारिलें कीं, त्या जोडीदाराचें घरीं कोण होतें. “आई होती,” ते म्हणाले. “रजेवर आलों तेव्हां जाऊन आलों. सांगितलें, मावशी, कपाळावर गोळी लागली, एका क्षणांत गेला, हूं का चूं केलें नाहीं. तिनें माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि भाकरी टाकली.”

येथें प्रश्न खरोखर कठीण होतो. त्या माउलीस हवालदारांनीं खोटें सांगितलें. तें पाप होतें काय? ससूनच्या १९१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका कवितेंत हाच प्रसंग आहे: एक अधिकारी मृत शिपायाच्या वृद्ध आईकडे जाऊन तिच्या मुलाच्या शौर्याची वार्ता सांगतो, आणि परत जातांना तो मुलगा प्रत्यक्षांत किती घाबरट व निरुपयोगी होता तें त्यास आठवतें. त्या अधिकाऱ्यास दोषी ठरविण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. नववी आज्ञा आम्ही पुसून टाकीत नाहीं. परंतु हवालदारांचीं दोन असत्यें आम्ही शेजारीं शेजारीं ठेवून पाहतों तेव्हां तीं एका जातीचीं दिसत नाहींत. मुलांपुढें सांगितलेल्या गोष्टीबद्दल त्यांस टाळ्या मिळाल्या. आईस सांगितलेल्या गोष्टीबद्दल त्यांस भाकरी मिळाली, आणि ती भाकरी पन्नास वर्षें त्यांच्या घशाखालीं उतरलेली नाहीं.

आईस खरेंच सांगणाराही एक मुलगा होऊन गेला. विल्फ्रेड ओवेन हा १८९३ सालीं इंग्लंडांत जन्मला. १९११ पासून १९१३ च्या आरंभापर्यंत डन्सडन गांवीं तो तेथील पाळकाचा मदतनीस होता. गोरगरिबांच्या व आजाऱ्यांच्या घरीं जात असे, आणि पुढें स्वतः पाळक व्हावें असा विचार होता. तेथून निघाला तो विश्वास डळमळून. १९१७ च्या जानेवारींत तो प्रथम आघाडीवर गेला, आणि चार दिवस पाण्यानें भरलेल्या खंदकांत काढिल्यावर त्यानें आईस लिहिलें कीं, हें तुझ्यापासून लपविण्यास मला कांहीं सबब दिसत नाहीं. आणि सारें सांगितलें. त्याची आई मोठी धर्मशील बाई होती. तिला त्यानें आयुष्यांत पांचशेंहून अधिक पत्रें लिहिलीं. पुढें तोफांच्या भडिमारानें मन बिघडून तो एडिंबरोच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळांत आला. तेथें ससूनशीं त्याची गांठ पडली, आणि त्यानंतरच्या जेमतेम वर्षभरांत त्यानें ज्या कविता लिहिल्या त्यांनीं त्याचें नांव राहिलें आहे. त्यांतील एका कवितेंत अब्राहाम व इसहाक ह्यांची कथा आहे. पण तींतला वृद्ध देवदूताचें ऐकत नाहीं, मेंढा बाजूस ठेवून मुलालाच कापतो. ही कविता आम्ही अजून व्यासपीठावरून वाचलेली नाहीं. वाचण्याचें धैर्य कोणा पाळकबंधूस झाल्यास आम्हांस कळवावें.

ओवेनला मायदेशीं राहतां आलें असतें. तो परत गेला, आक्टोबर १९१८ च्या आरंभीं झालेल्या चकमकीबद्दल त्यास मिलिटरी क्रॉस मिळाला, आणि ३१ आक्टोबर रोजीं त्यानें आईस शेवटचें पत्र लिहिलें. एका वनरक्षकाच्या घराच्या तळघरांत, धुरानें भरलेल्या खोलींत, तो सोबत्यांसह बसला आहे, सारे हंसत आहेत, आणि येथें कांहीं भय नाहीं, असा त्या पत्राचा आशय. चार दिवसांनीं, ४ नोव्हेंबर रोजीं, सांब्र-वाझ कालवा ओलांडण्याच्या प्रयत्नांत तो मारला गेला. तार घरीं पोंचली ती ११ नोव्हेंबर रोजीं, युद्ध थांबल्याच्या दिवशीं. ज्यानें पूर्वीं आईपासून कांहींच लपविलें नाहीं, त्यानें शेवटीं तेंच दयेचें असत्य लिहिलें, कीं त्या तळघरांत खरोखरच त्यास निर्भय वाटत होतें? आम्ही पुष्कळदां विचार केला. निर्णय होत नाहीं. १९२० सालीं ह्या माउलीनें रवींद्रनाथ ठाकुरांस एक पत्र लिहिलें: मुलानें शेवटचा निरोप घेतांना तुमचेच शब्द उच्चारिले होते, आणि त्याची टिपणवही परत आली तींतही ते त्याच्या अक्षरांत, खालीं तुमच्या नांवासह, लिहिलेले आहेत, तें सबंध काव्य कोणत्या पुस्तकांत मिळेल? खंदकांतला चिखल जिच्यापासून लपविला नव्हता त्या बाईस मुलाच्या मरणानंतर चौकशी करावीशी वाटली ती काव्याची, हें आम्हांस विसरतां येत नाहीं.

आतां आमच्या वृद्ध बंधूंच्या प्रश्नाकडे वळूं. पत्राला पत्ता असतो. तें एकाच घरीं जातें आणि एकाच आईच्या हातांत पडतें; म्हणून लिहिणाऱ्याचा हात थांबतो, आणि थांबावा हेंही कदाचित् योग्य असेल. रचलेल्या गोष्टीला पत्ता नसतो. एरिख मारिया रेमार्क हा जर्मन लेखक १९१७ सालीं आघाडीवर जखमी झाला होता. १९२९ सालीं पुस्तकरूपानें निघालेल्या त्याच्या ‘पश्चिम आघाडीवर सारें शांत’ ह्या कादंबरींत पाउल नांवाचा तरुण शिपाई तोफेच्या गोळ्यानें पडलेल्या खड्ड्यांत लपला असतां एक फ्रेंच शिपाई अंगावर येऊन पडतो. पाउल विचार न करतां सुरा भोंसकतो. तो मनुष्य तत्काळ मरत नाहीं. बाहेर गोळीबार चालू, हलतां येत नाहीं. कित्येक तास पाउल त्याचें कण्हणें ऐकत बसतो, त्याला खड्ड्यांतलें गढूळ पाणी पाजतो, जखमा बांधतो. तो मेल्यावर त्याच्या खिशांतलें पाकीट उघडतो. नांव जेरार ड्युव्हाल. धंदा, छापखान्यांत खिळे जुळविण्याचा. आंत बायकोचें व लहान मुलीचें चित्र. आपल्या मिशनच्या छापखान्यांत खिळे जुळवून ज्यांनीं मुलें वाढविलीं अशीं किती कुटुंबें आपल्या मंडळ्यांत होऊन गेलीं! पाउल त्या प्रेताजवळ शपथा वाहतो कीं, तुझ्या घरच्यांसाठीं मी अमुक करीन, तमुक करीन. आणि दुसऱ्या दिवशीं सोबत्यांत परत गेल्यावर त्या शपथा विरघळूं लागतात. हें शेवटचें विशेष लक्षांत घ्यावें. गोष्ट गोड करावयाची असती तर लेखक तेथवर गेला नसता.

जेरार ड्युव्हाल नांवाचा तो खिळे जुळविणारा कधीं झालाच नाहीं. म्हणूनच त्याची गोष्ट वाचून फ्रान्सांतील कोणत्याही एका विधवेस आपला नवरा कसा तडफडला तें कळलें नाहीं, आणि जर्मनींतील कोणत्याही एका आईस आपल्या मुलानें कोणास मारिलें तें कळलें नाहीं. पण काय झालें असेल तें सर्वांस कळलें. नाथानाची मेंढी अशीच होती. मे १९३३ मध्यें हिटलरच्या पक्षानें हें पुस्तक भर चौकांत जाळलें. निव्वळ खोट्या गोष्टीसाठीं त्यांनीं एवढी लांकडें खर्चिलीं असतीं असें आम्हांस वाटत नाहीं.

ह्याचा अर्थ असा नव्हे कीं, ज्या पुस्तकांत रक्तमांस अधिक तें पुस्तक अधिक खरें. विक्रीसाठीं रक्त सांडणारे लेखक पुष्कळ आहेत, आणि नातवाच्या उशाशीं तसलें पुस्तक असतें तर आम्ही बंधूंचीच बाजू घेतली असती. अर्न्स्ट युंगर ह्या जर्मन अधिकाऱ्याचें ‘पोलादी वादळांत’ हें १९२० सालचें पुस्तक प्रसिद्ध आहे. तो चौदा वेळां जखमी झाला होता. प्रेतें, चिखल, दुर्गंधी, कांहींच त्यानें झांकिलें नाहीं. तथापि युद्ध म्हणजे पुरुषाची उच्च कसोटी, हा त्याचा भाव पानोपानीं जाणवतो. त्याच पुस्तकांत मार्च १९१८ च्या चढाईंतला एक प्रसंग आहे: हातीं सांपडलेल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या कपाळास तो पिस्तूल लावतो, तो अधिकारी खिशांत हात घालून आपल्या कुटुंबाचें चित्र काढून दाखवितो, आणि युंगर त्यास सोडून पुढें जातो. त्या एका पानापुढें बाकीचें पुस्तक हरतें असें आम्हांस वाटतें. लेखकास तसें वाटलें होतें कीं नाहीं, तें निराळें.

ज्या गांवांत ती आंकड्यांची पाटी आहे तेथील तरुणांनीं मुल्कराज आनंद ह्यांची १९४० सालची ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ ही कादंबरी मिळवून वाचावी. लालू हा पंजाबी शेतकरी फ्लँडर्सच्या थंडींत कां व कोणासाठीं उभा आहे, हें त्याला स्वतःला उमगत नाहीं, आणि तें न उमगणेंच तींत आलें आहे. मराठींत विश्राम बेडेकर ह्यांच्या १९३९ सालच्या ‘रणांगणा’ची गोष्ट तर युरोप सोडून निघालेल्या एका जहाजावर घडते; जहाजावर जर्मनींतून हांकलून दिलेले यहूदी आहेत, लढाईचें एकही वर्णन नाहीं, आणि तरी पुस्तकाचें नांव योग्य आहे हें वाचणाऱ्यास लवकरच पटतें.

नातवाचें पुस्तक त्यास परत द्यावें, असें आम्ही त्या बंधूंस सांगितलें. त्यांनीं तें दिलें. पण आधीं स्वतः वाचून पाहिलें, असें सूनबाईंकडून कळतें.

ह्या वर्षीं १५ आगस्टला हवालदारांस आम्ही म्हटलें कीं, आपणांस जें वाटेल तें मुलांपुढें बोलावें, किंवा बोलूंही नये. ते बोलले नाहींत. झेंड्याला सलाम करून मागच्या बांकावर बसले. मात्र तेव्हांपासून दर गुरुवारीं सायंकाळीं ते आमच्याकडे येतात. ते सांगतात आणि आम्ही शाळेच्या दोनशें पानी वहींत लिहितों. त्या जोडीदाराची आई वारून पुष्कळ वर्षें झालीं, परंतु त्याच्या भावाचीं मुलें शेजारच्या तालुक्यांत आहेत. म्हणून पहिल्याच दिवशीं ते म्हणाले, “त्याचें नांव घालूं नका.” “मग कोणतें घालूं?” असें आम्ही विचारिलें. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, “कोणतेंच नको. तेवढी जागा मोकळी ठेवा.” तशी ती प्रत्येक पानावर ठेविली आहे. गेल्या गुरुवारीं नाल्याच्या कांठापर्यंत आलों. तेथें त्यांनीं खिडकी लावून घ्यावयास सांगितली, पाणी मागितलें, आणि तांब्या हातांत धरून ते तसेच बसून राहिले. पुढचें येत्या गुरुवारीं सांगतों, असें म्हणून मग ते उठले.